सहा पालथ्या कवड्या

रविवार, १२ जानेवारी

लिही सोनम. मी शांतव्वा, वय शहात्तर, राहणार मंगळवार पेठ. वरचे दात माझे, खालचे डॉक्टरांचे.

ही वही सुरू करायचं कारण हेवा, तेही लिही. माझ्या नातीची मैत्रीण ही सोनम, तिच्याकडे खेळाची एक वही आहे. दर रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत जो खेळ चालतो, त्यात कोण कुठे गेलं, कुणी कुणाला मारलं, ते सगळं ती त्यात लिहून ठेवते. मी म्हटलं, जी माणसं जन्मालाच आली नाहीत त्यांचं लिहिता, आणि मी जन्मून इतकी वर्षं झाली, माझं कोण लिहिणार? तर म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहितो. खेळ संपल्यावर अर्धा तास.

तिचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. मी शाळेत गेलेच नाही. मला सगळी अक्षरं वाळत घातलेल्या शेवयांसारखी दिसतात. मी ‘हाय’ म्हणते, सोनम ‘आहे’ लिहिते आणि मग वाचून दाखवते. कागदावर जाताना माझी भाषा आंघोळ करून जाते.

खेळ असा. माझी नात शांभवी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती गोष्ट सांगते, आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत एकेक माणूस व्हायचं. शांभवीचा मित्र सम्राट चोर आहे. म्हणजे खेळात. एरवी एवढा सरळ, की आमच्या घरात चमचा पडला तरी तोच माफी मागतो. सोनम दारवाली आहे, म्हणजे ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहणारी एक म्हातारी. राजनंदिनी चेटकीण होती, पण तिला पुण्यात नोकरी लागली आणि जागा रिकामी झाली. शांभवी म्हणाली, आज्जी, तू बसतीस का? मी बसले. चेटकिणीला नाव लागतं म्हणून माझ्या नणंदेचं दिलं, चिमणाबाई. नणंद जिवंत आहे, मलकापुरात असते, आणि तिला हे कुणी सांगायचं नाही.

खेळ चांगला आहे. एकच वाईट आहे, मारामारी. ते पुढच्या वेळी सांगते, आता चहा.

रविवार, १९ जानेवारी

आज किल्ल्याच्या तळघरात तीन कोळी भेटले, बैलाएवढे. किल्ला शांभवीनं पन्हाळ्यावरून बेतला आहे, त्यामुळे धान्याच्या कोठारात राक्षस आणि तटावर झुणका-भाकरी. तीन कोळी मारायला दीड तास लागला. आधी कुणाची पाळी त्याचा फासा. मग वार लागला का त्याचा फासा, वीस तोंडांचा, लिंबाएवढा. मग किती लागलं त्याचा आणखी निराळा. त्यातून चिलखत वजा, ढाल वजा, अंधार वजा. शांभवी जाडजूड पुस्तक उघडून एक पान दाखवते, सोनम त्याच पुस्तकातलं दुसरं पान काढते. चहा दोनदा गरम केला. मधे मी डुलकी काढली. उठून बघते तर तोच कोळी आणि त्याचा तोच पाय.

सोनमला ते सगळं पुस्तक पाठ आहे. ढाल कशी धरली की किती वाचतं, कुठे एक पाऊल मागे घ्यायचं. चौदा महिन्यांत दारवालीला खरचटण्यापलीकडे काही झालेलं नाही. सम्राट तेवढ्यात दोनदा मेला आणि दोनदा नवा चोर होऊन आला.

आणि ही दारवाली बोलते फार. सोनम आवाज जाड करते, पदर खोचल्यासारखं करते आणि राक्षसाला म्हणते, “बस की पावणं. च्या घेणार का मार?” सम्राट गादीवरून खाली पडला हसून. प्रत्येक दारात शिरण्याआधी ती विचारते, “हितं पाणी कुठं भरत्यात?” पुन्हा हसतात. मी चिमणाबाईच्या तोंडून विचारलं, कोळ्याला आठ पाय, तर त्याच्या घरात चपला ठेवायच्या कुठे? हे चांगलं होतं. पण शांभवी म्हणाली, थांब आज्जी, पाळी दारवालीची आहे. या घरात पन्नास वर्षं लोक माझ्या बोलण्यावर हसत आले आहेत.

लिही, ती दारवाली आगाऊ बाई आहे. कागदाची असून एवढी बडबड, हाडामासाची असती तर गल्ली सोडून जायला लागलं असतं. लिही की गं. थांबलीस का?

सोनम म्हणते, पेन अडकलं.

(ही ओळ आज्जींनी सांगितलेली नाही. दारवाली म्हणजे माझी आजी, सोनूबाई. दीड वर्षापूर्वी वारली. ती अशीच बोलायची. आज्जींना आज सांगणार होते, पण त्या हसत होत्या. नंतर सांगेन. – सोनम)

रविवार, २६ जानेवारी

झेंड्याचा दिवस. सून सकाळीच रांगेत उभी राहून दोन किलो जिलेबी घेऊन आली, त्यामुळे सगळ्यांची तोंडं चिकट आणि मनं खुशीत. हीच वेळ बघून मी माझा डबा काढला.

डब्यात सहा कवड्या आहेत. माझं माहेर कागलच्या पलीकडे, निम्मं घर मराठी, निम्मं कानडी. माझ्या अज्जीनं त्या मला दिल्या होत्या, आम्ही त्यांवर पट खेळायचो. कवडी एक तर तोंड वर करून पडते, म्हणजे उताणी, नाही तर पालथी. एवढं समजायला पुस्तक लागत नाही.

मी म्हटलं, मारामारीला माझा कायदा लावा. एका मारामारीला एकच दान. तीन किंवा जास्त कवड्या उताण्या पडल्या तर आपण जिंकलो. दोन किंवा एक पडली तर शत्रू जिंकला, आपण पळायचं. एकही उताणी नाही, सगळ्या पालथ्या, तर आपल्यातला जो पुढे असेल तो मेला. कवड्या माझ्या, म्हणून टाकणार मी.

शांभवीला पटलं. तिची परीक्षा जवळ आली आहे, गोष्ट त्याआधी संपवायची आहे. सम्राटला काहीही पटतं. सोनम बोटानं जिलेबीचा पाक ताटलीवर फिरवत होती. तिनं विचारलं, “मग पुढं उभारणाऱ्याची ढाल कुठं गेली, आज्जी?”

“ढाल हाय की. धरून उभी ऱ्हा.”

सगळे हसले. कित्येक रविवारांनी माझ्या बोलण्यावर हसले.

सोनम म्हणाली, पुस्तकात मेलेल्याला मंत्रानं उठवता येतं, ते तरी ठेवायचं ना? मी म्हटलं, न्हाय. मेलं की मेलं. उठून बसायचं न्हाय. सोपं म्हणजे सोपं. तिनं पाकाचं बोट पुसलं, मग बरं म्हणाली.

करून बघितलं. जंगलातले आठ दरोडेखोर, चार कवड्या उताण्या, खेळ खलास. पाक वाळायच्या आत. मी खुशीनं सोनमपुढे जिलेबी धरली, तिनं घेतली नाही. एवढ्या तरण्या वयात गोड सोसत नसेल तर कठीण आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

आज सून लिहिते आहे. शिवलीला, शांभवीची आई. सोनम लवकर गेली.

कोठारातला पंखवाला अजगर जागा झाला. दारवाली म्हणाली, तुम्ही मागनं बाहेर पडा, मी दार धरतो. मग अजगराकडे वळून तेच, बस की पावणं. अजगराला. शांभवी हसत हसत माझ्या खांद्यावर कलंडली. कवड्या माझ्या हातात होत्या.

टाकल्या. सहाच्या सहा पालथ्या.

 सम्राट वाकून कवड्या बघत बसला, जणू एखादी अजून उलटणार आहे. सोनमनं दारवालीची सगळी माहिती लिहिलेला तिचा कागद उचलला, चार घड्या घातल्या, वहीत ठेवला. वही पिशवीत. दर वेळी जाताना “येतो आज्जी” म्हणते, आज म्हणाली नाही.

कवड्या पडायच्या तशा पडल्या. त्यात माझं काय, असं लिही. शिवलीला म्हणते, तुम्हाला कुणी विचारलंय का आत्ती? कुणी विचारलेलं नाही. तरी लिही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले होते, आज्जी, हाताला कंप आहे, भरलेली वाटी धरू नका. मटकी निवडताना निम्मी खाली सांडते. रविवारी कवड्या सोडताना हात जरासुद्धा हलला नाही.

हे खोड. शिवलीला म्हणते, खोडलं तरी दिसतं. मग राहू दे.

रविवार, ९ फेब्रुवारी

सोनम आली नाही. सम्राट आला, पोहे खाल्ले, उभ्याउभ्याच गेला. शांभवी फोनकडे बघत बसली. मी म्हटलं, कागदाची बाई मेली, दुसरी काढायची, त्यात काय सुतक पाळायचं? शांभवीनं माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी प्यायला उठले.

दुपारी शिवलीला लिहायला बसली. मी काय सांगावं या विचारात, ती मागची पानं चाळत. एका पानावर थांबली आणि म्हणाली, “आत्ती, ही ओळ तुम्ही सांगितलेली न्हाय.”

“कंची?”

तिनं वाचली. पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा वाचली.

चार आठवडे ही वही माझ्या उशाशी आहे. सकाळी उठले की तिला हात लावते, आपलं कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून बरं वाटतं. त्यात सोनूबाई होती, आणि मला शेवया दिसत होत्या.

शांभवीला बोलावलं. तुला ठाऊक होतं? तिला ठाऊक होतं, सम्राटलाही. म्हणाली, “कागदावर वरच नाव आहे, आज्जी, मोठ्या अक्षरात. तुझ्यासमोर तर असायचा.” एवढं बोलली आणि मला वाचता येत नाही हे तिच्या ध्यानात आलं. तोंड उतरलं तिचं. आत निघून गेली.

शिवलीला, दार लोट. आता सांगते ते जसंच्या तसं लिही, आंघोळ घालू नको.

अज्जीनं मला कवड्या दिल्या, त्यासंगं एक खोडी बी दिली. कवड्या तोंड खाली करून तळव्यात धरायच्या, करंगळीनं दाबायच्या. हात जमिनीला लावून सरकवत सोडायच्या, उडू द्यायच्या न्हाईत. बघणाऱ्याला वाटतंय टाकल्या. टाकलेल्या नसत्यात, ठेवलेल्या असत्यात. अजगरापुढं मी सहाच्या सहा ठेवल्या. का, तर माझ्यापेक्षा तिच्या बोलण्यावर जास्त हसत हुते. म्हटलं, ही गेली की बोलाय मीच. मला काय म्हाईत ती कोण. पर कोण का असंना, मी लबाडी केली. एका मेलेल्या बाईसंगं बोलण्याची शर्यत लावली आणि हरत आलो तवा तिला दुसऱ्यांदा मारलं.

शिवलीलानं पेनाला टोपण घातलं. मग काढलं. मग विचारलं, एवढंच? म्हटलं, एवढंच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शांभवीनं सोनमला निरोप धाडला, दारवालीला उठवू, कवड्यांचा कायदा काढून टाकू. उत्तर आलं, ते तिनं वाचून दाखवलं. आज्जींनी आधीच सांगितलं होतं मेलं की मेलं, मी पण बरं म्हणाले होते, आता माझ्यावर आलं म्हणून कायदा बदलायचा नाही.

ती पोर खोट्या दानाशी इमान राखून बसली आहे. शांभवीला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तोंड उघडलं की खालचे दात हातात येतील असं वाटतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

शांभवीला सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, मला सांगून काय उपयोग आज्जी.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज सोनम लिहिते आहे, पण तिच्या घरात.

रिक्षानं आले, शिवलीला बरोबर. वही पदराखाली, कवड्या कमरेला. दोन जिने चढताना चार वेळा थांबले आणि चारही वेळा परत जावं असं वाटलं. सोनमच्या आईनं दार उघडलं, बसा म्हणाल्या, चहा टाकायला आत गेल्या. सोनम दोरीवरचे कपडे काढत होती. मला बघून एक टॉवेल तिनं तीनदा घडी केला.

भिंतीवर फोटो होता, बुद्धांच्या मूर्तीच्या शेजारी. हनुवटी पुढे, मान किंचित वाकडी, फोटो काढणाऱ्यालाच आता चहा विचारेल अशी. मला कुणी सांगायला लागलं नाही.

मी वही पुढे केली. म्हटलं, “मागची पानं वाच. मोठ्यानं वाच. तुझ्या तोंडनं मला ऐकायचं हाय.”

तिनं वाचलं. जिलेबी वाचली, अजगर वाचला, हाताचा कंप वाचला. तिची स्वतःची ओळ आली तेव्हा आवाज बारीक झाला. ‘ठेवलेल्या असत्यात’ इथे थांबली, ते पुन्हा मनात वाचलं, मग शेवटपर्यंत गेली. चहा कधी आला आणि त्यावर साय कधी धरली कळलं नाही.

वही मिटून म्हणाली, “तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं, आज्जी.”

“म्हणून तर आलो.”

“कसं केलं, दाखवा.”

मी फरशीवर बसले आणि दाखवलं. सहा पालथ्या. पुन्हा सहा पालथ्या. तिसऱ्यांदा तिनं नाक जमिनीला लावून बघितलं, तरी सहा पालथ्या. मग तिनं स्वतः करून बघितलं, तिला जमेना. मी तिची करंगळी धरून दाबून दिली, तरी एक उडालीच. ती बोट सोडवून घेईल असं वाटलं होतं. तिनं सोडवलं नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

मग मांडी घालून बसली आणि पुस्तकातलं कलम काढावं तशी म्हणाली, “म्हणजे दान पडलेलंच न्हाय. दान पडलं न्हाय तर ती मेली बी न्हाय. दोन आठवडे झाले, तिथंच दारात उभी हाय. आता टाका. खरं टाका.”

“तू टाक की.”

“न्हाय. पाळी तुमची राहिलीया.”

आता जे सांगते तेही लिही. सहाच्या सहा उताण्या पाडायची खोडीसुद्धा मला येते. कवड्या तळव्यात घेतल्या आणि बोटं आपोआप तशी जुळायला लागली. द्यावं पोरीला जिंकून, अजगर मारून टाकावा, फोटोतली बाई खूश, मी खूश. सोनम माझ्या हाताकडे बघत नव्हती. तोंडाकडे बघत होती.

मी शिवलीलाला म्हटलं, तो पेला रिकामा कर. तिनं गार चहा पिऊन टाकला, पेला पदरानं पुसला. कवड्या त्यात घातल्या. दोन्ही हातांनी धरला तरी हात कापत होता. कापू दिला. आत कवड्या वाजत राहिल्या. मग पालथा केला.

एक शिवलीलाच्या पायाशी गेली, उताणी. तीन मधेच पडल्या, पालथ्या. एक भिंतीला लागून थांबली, पालथी. शेवटची फरशीच्या फटीत उभीच राहिली, मग बसली. उताणी.

दोन. शत्रू जिंकला, आपण पळायचं.

सोनम त्या दोन कवड्यांकडे बघत बसली. म्हणाली, “आमची आजी कधी पळाली न्हाय, आज्जी. कशातनंच न्हाय.”

मी म्हटलं, आता पळू दे म्हणावं. लई धरलं दार.

 मला वाटलं, संपलं, आता उठावं आणि जिना उतरावा. तेवढ्यात तिनं मान किंचित वाकडी केली, हनुवटी पुढे काढली, आणि तो जाड आवाज आला, पण हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये असा. “हितं मागचं दार कुठं हाय?”

मी हसले. शिवलीलाच्या आधी, सोनमच्या आईच्या आधी, मीच पहिली हसले. डोळ्यांना पदर लावायला लागला एवढं हसले. चपलांची गोष्ट चांगली होती, पण ही जास्त चांगली.

कायदा बदलला आहे, तो लिहून ठेव. पुढे जो उभा असेल, कवड्या त्याच्याच हातात, आणि त्याही पेल्यातून टाकायच्या. ढाल कुठे गेली म्हणून तू विचारलं होतंस, तर ही घे ढाल. कवड्यांचा डबा मी इथेच ठेवून जाते आहे. अज्जीची वस्तू आहे, या फोटोतल्या अज्जीकडे राहू दे.

जाताना विचारलं, माफ केलंस का? सोनम म्हणते, लिहून ठेवते. लिही बाई. तुझं तू लिही.

(माफ केलं का, ते मला अजून माहीत नाही. पुढच्या रविवारी खेळायला जाणार आहे. कवड्या घेऊन जाईन, आणि पेला पण. ही ओळ आज्जींना वाचून दाखवली आहे. – सोनम)